ओल्या लंगोटीचं वजन

मागच्या वर्षी ईराच्या शाळेत घरातल्या मोठ्या माणसांच्या नोकऱ्यांवर काहीतरी लिहून न्यायचं होतं. कॅनडातून व्हिडिओ कॉल आला, आणि ईराने विचारलं, "आजी, तू हॉस्पिटलमध्ये एग्झॅक्टली काय करायचीस?" मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, नुकत्याच जन्मलेल्या बाळांनी ओल्या केलेल्या लंगोट्या काट्यावर ठेवून तोलत असे. तिचा भाऊ निषाद हसून हसून पडद्याबाहेर गेला. त्यांच्या आईने घाईघाईने दुरुस्ती केली की आजी हेड नर्स होती आणि बाळांचे प्राण वाचवायची. शाळेत तेच गेलं. सोबत पांढरी टोपी घातलेल्या, पंख असलेल्या बाईचं चित्रही गेलं म्हणे. आमच्या वॉर्डात पंख होते ते छतावरच्या पंख्यांना, आणि त्यांतला एकच धड फिरायचा.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे "सेवेतले हृद्य अनुभव" मागितले आहेत. माझा अनुभव हृदयाच्या जरा खालच्या अवयवाचा आहे, संपादकांनी चालवून घ्यावं. आणि ईरा-निषाद, तुमची आई हे तुम्हाला वाचून दाखवताना काही शब्द गाळेल. गाळू देऊ नका. या लेखात मुतणं हा मुख्य विषय आहे, आणि ते नसेल तर फक्त टोपी उरते.

मी भद्रावतीला कारखान्याच्या कॉलनीत वाढले. तिथल्या इंग्रजी शाळेत आम्हाला "बर्फ पडणारी सकाळ" या विषयावर निबंध लिहायला लावत. बाहेर विदर्भातला मे महिना असे. नर्सिंगही इंग्रजीतच शिकले. पुस्तकात मूत्रपिंडावर मोठा धडा होता, त्यातला प्रत्येक शब्द लांबलचक आणि देखणा. मग नोकरी लागली वैनगंगेच्या काठच्या एका तालुक्याच्या गावी, जिथे पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीने मला विचारलं, "बाई, पोराचा मूत तोलून इकता का काय?" त्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नव्हतं. ते द्यायला मी नोकरीभर शिकले.

तर धंदा काय असतो ते आधी सांगते.

नवजात बाळाचं हृदय बिघडलं तर कळतं, छातीवर हात ठेवला तरी कळतं. फुप्फुस बिघडलं तर बाळ कण्हतं, निळं पडतं, नाकपुड्या फुलवतं. मूत्रपिंडं मात्र घरातल्या मोठ्या सुनेसारखी असतात. रुसतात तेव्हा बोलत नाहीत, फक्त काम थांबवतात, आणि घराच्या लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो.

ती रुसतात कशाने, याचीही ठरलेली कारणं आहेत. बाळ जन्मतः लवकर रडलं नाही, श्वास घ्यायला वेळ लागला, की शरीर कुटुंबप्रमुखासारखं वागतं. असेल तेवढं रक्त मेंदूला आणि हृदयाला देतं, बाकीच्यांना उपाशी ठेवतं. त्या बाकीच्यांत मूत्रपिंडं अगदी पुढे असतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची मूत्रपिंडं मुळात पुरती तयारच नसतात. रक्तात जंतू शिरले की त्यांच्यावर ताण येतो. त्या जंतूंना मारणारी काही इंजेक्शनं अशी की ती जंतूंना मारतात आणि जाता जाता मूत्रपिंडांनाही एक टोला देतात. म्हणून ती मोजून, अंतर ठेवून द्यायची असतात. गावोगावी मोटरसायकलवर फिरणारे काही "डॉक्टर" मात्र ती उदार हाताने देत.

आणि शेवटचं कारण म्हणजे तहान. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. थंडीत ठीक आहे. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तेव्हाही ठेवतात. वर खिडकी बंद. आईचं पहिलं चिकाचं दूध "खराब" म्हणून पिळून टाकतात, आणि बाळाला कापसाच्या वातीने गुळाचं पाणी चाटवतात. म्हणजे जे द्यायचं ते फेकायचं, आणि वरून भाजायचं. एवढं करून बहुतेक बाळं जगतात, याचं श्रेय कोणाला द्यावं ते मला अजून समजलेलं नाही.

कुरखेड्याकडच्या एका कुटुंबाने असंच एक बाळ आणलं होतं. धानाची शेती करणारी साधी माणसं. आजोबा दारातच मोठ्या कौतुकाने म्हणाले, "लय शायना आहे पोरगा, बाई. एक फडकं ओलं नाई केलं यानं आतापावतर." आजोबांना ते पोराचं वळण वाटत होतं. पोराचं कातडं चिमटीत धरलं तर तसंच उभं राहत होतं. त्या शहाण्या पोराला आम्ही वाचवू शकलो नाही. पुढे कोणीही बाळाला शहाणं म्हटलं की मी आधी त्याची लंगोटी चाचपायचे.

आता तुम्ही म्हणाल, रक्त तपासा. तपासतो. पण इथे एक गंमत आहे. मूत्रपिंड बिघडलं की रक्तात क्रिएटिनिन नावाचा एक कचरा वाढतो, तो मोजतात. नवजात बाळाच्या रक्तात पहिल्या दोनतीन दिवसांत जो क्रिएटिनिन सापडतो, तो बहुतांशी बाळाचा नसतोच, नाळेतून आलेला आईचा असतो. म्हणजे तपासायला गेलो लेकराला आणि अहवाल आला आईचा. शिवाय बाळाचा स्वतःचा आकडा वाढेपर्यंत मूत्रपिंडाचं बरंच काम आधीच थांबलेलं असतं. रक्त खरं बोलतं, पण उशिरा बोलतं.

लंगोटी लवकर बोलते. पहिल्या दिवशी बाळाने लघवी नाही केली तरी घाबरायचं नसतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र व्हायलाच हवी, आणि त्यानंतर बाळाच्या वजनाच्या हिशेबाने ठरावीक तरी व्हायला हवी. कोरड्या लंगोटीचं वजन आधी करायचं, ओलीचं नंतर करायचं. जेवढे ग्रॅम जास्त, साधारण तेवढे मिलिलिटर लघवी. नळी घालूनही मोजता येते, पण एवढ्याशा जिवाला नळी घालायची म्हणजे जंतूंना दार उघडून द्यायचं. त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्यासारखा एक छोटा काटा पुरतो.

काटा पुरतो, माणसं पुरत नाहीत. लोक घरून फडकी आणत, कोणी लुगड्याचं, कोणी धोतराचं, कोणी जुन्या चादरीचं. प्रत्येकाचं कोरडं वजन वेगळं. मला असला पसारा सहन होत नाही. मी एकाच ताग्यातून सारख्या मापाच्या लंगोट्या कापून घेतल्या, कडा शिवून घेतल्या, आणि घरची फडकी बंद केली. लगेच तक्रार आली. नवजात बाळाला नवं कापड घालत नाहीत, जुनंच हवं, घरातल्या दीर्घायुषी माणसाच्या अंगावरचं. मग मी सांगू लागले की या लंगोट्या नव्या नाहीत, इथून धडधाकट घरी गेलेल्या बाळांनी वापरलेल्या आहेत. हे पहिल्या खेपेला खरं नव्हतं. नंतर होत गेलं.

अशी सगळी व्यवस्था लागली होती, आणि मला तिचा जरा अभिमानही होता. मग गिरजाबाई आली.

गिरजाबाई ढिवराच्या घरची. तलावाकाठचं गाव, नवरा आणि मुलगा जाळं टाकणारे, आणि ती स्वतः बाजारात मासळी विकणारी. आवाज बाजारातलाच. तिची मुलगी मंगला बाळंतपणासाठी माहेरी आली होती. जावई मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. मंगला खूप वेळ अडली, मुलगी झाली, आणि ती रडायला बराच वेळ लागला. उपकेंद्रातल्या नर्सने तिला पिशवीने श्वास देऊन रडवलं आणि तडक आमच्याकडे पाठवलं. चांगलं काम केलं होतं तिने. पण मघाशी सांगितलं तसं, रडायला उशीर झाला होता, म्हणजे मूत्रपिंडं काही वेळ उपाशी राहिली होती. एप्रिल महिना होता. त्यात जंतूंची शंका, म्हणून ते इंजेक्शनही सुरू होतं. जी जी कारणं मी वर लिहिली आहेत, त्यांतली बरीचशी त्या एका मुलीने गोळा केली होती.

आमचे डॉक्टर तेव्हा सबनीस. पुण्याहून सरकारी बाँडची गावातली सेवा करायला आलेले, तरुण, मनापासून काम करणारे. त्यांना "काऊन" म्हणजे "का" हे कळायला महिना लागला होता, पण बाळांचं कळत होतं. एक खोड होती. मनातलं सगळं ते राउंडमध्ये मोठ्याने बोलत. दुसऱ्या दिवशी मुलीची लंगोटी जवळजवळ कोरडी निघाली, तेव्हा बाळाच्या खाटेशीच उभं राहून ते मला म्हणाले, "सिस्टर, उद्यापर्यंत असंच राहिलं तर नागपूरला पाठवावं लागेल." शेजारी गिरजाबाई उभी होती. आमच्याकडे घरातल्या एका बाईला गाऊन घालून आत येऊ देत. मंगलाला टाके होते, म्हणून दूध काढून वाटीने पाजायला आणि लंगोटी बदलायला आजी येई. बदललेली लंगोटी बाळाच्या नावाच्या ट्रेमध्ये ठेवायची, मी तोलायची, असा रिवाज होता.

तिसऱ्या दिवशी ट्रेमध्ये चांगली ओली लंगोटी आली. मग दुसरी. मग तिसरी. वॉर्डात आनंद झाला. सबनीस डॉक्टर इतके खूश झाले की कधी नव्हे ते त्यांनी चहा मागवला.

इथे धंद्यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मूत्रपिंडांची शंका असलेल्या बाळाला पाणी मोजून देतात. बाहेर जितकं जातं, त्या मानाने आत द्यायचं. लघवी चांगली होते आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी सलाइन वाढवलं, दूधही वाढवलं. हिशेबाने अगदी बरोबर केलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी मुलीला काट्यावर ठेवलं तर वजन वाढलेलं. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन उतरतं, ते उतरायलाच हवं. मुलीच्या पापण्या जाड दिसत होत्या. पावलावर बोट दाबलं तर खळगी राहिली. गिरजाबाई मात्र हरखली होती. "पाहा बाई," ती म्हणाली, "पोरगी बाळसं धरून राह्यली."

मी त्या बाळशाकडे बघत राहिले. बाळ इतकं मुतत असेल तर ते फुगायला नको. फुगत असेल तर इतकं मुतत नाही. दोन्ही एकदम खरं असू शकत नव्हतं, आणि काटा तर दोन्हींचं वजन दाखवत होता. ट्रेमधली नवी लंगोटी उचलली. मग आदल्या दिवशीचे आकडे आठवले. तिन्ही जवळपास सारखे होते. आता आकडे सारखे आले की मला बरं वाटतं, तो माझा स्वभाव आहे, म्हणूनच ते इतका वेळ खटकले नव्हते. पण कोणतंही बाळ मापाने मुतत नाही. आणि जी लंगोटी फक्त मधल्या भागात ओली असायला हवी, ती कडेपर्यंत एकसारखी भिजलेली होती. मी ती नाकाशी नेली. नवजात बाळाच्या लघवीला फारसा वास नसतो. या लंगोटीला होता, ब्लीचिंग पावडरचा. आमच्या हात धुण्याच्या नळाला उन्हाळ्यात तोच वास यायचा.

गिरजाबाईला मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर घेऊन गेले. आवाज न चढवता विचारलं, "ही लंगोटी पोरीनं ओली केली का?"

"मंग कोणं केली?"

"हिला नळाचा वास येतो आहे, गिरजाबाई."

तिने क्षणभरही वेळ घेतला नाही. "तुमच्या दवाखान्याचं पाणीच तसं हाये, बाई. पोरगी तेच पेते."

मी म्हटलं, पोरगी आईचं दूध पिते, आणि शिरेतून सलाइन घेते, त्या दोन्हींत ब्लीचिंग पावडर नसते. तिने पदराने मान पुसली. मासळीवर पाणी शिंपडत राहणं हा तिच्या धंद्यातला नित्यक्रम. मासळी ताजी दिसते आणि तोलालाही थोडी जास्त भरते. गिऱ्हाइकालाही ते माहीत असतं, आणि दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत. काट्यावर कमी भरतंय असं दिसल्यावर तिला जे सुचलं ते तिच्या दृष्टीने लबाडी नव्हतीच. ते कसब होतं.

"कोरडी रायली का तुमचा डाक्टर नागपूर म्हणते," ती शेवटी म्हणाली. "मी पोरीले काई केलं नाई. फडक्याले केलं."

आता त्या वेळी काय चाललं होतं ते नीट समजून घ्या, मुलांनो. तिने लंगोटीत जेवढं पाणी घातलं, त्या हिशेबाने आम्ही बाळाच्या अंगात पाणी घालत होतो. आणि बाळाला ते बाहेर टाकता येत नव्हतं. आणखी एक दिवस असा गेला असता तर पाणी फुप्फुसात उतरलं असतं. जे लवकर कळावं म्हणून लंगोट्या तोलायच्या, तेच लंगोटीने आमच्यापासून लपवलं होतं, आणि तेही प्रेमापोटी.

नागपूरला न्यायचं नाही, हे तिने का ठरवलं होतं तेही मग तिने सांगितलं. मंगलाचं हे दुसरं बाळंतपण. पहिला मुलगा झाला होता, तोही आजारी पडला, त्यालाही दुसऱ्या एका दवाखान्यातून नागपूरला पाठवला. गाडीत बसताना रडत होता, तिने स्वतः ऐकलं होतं. परत आणला तेव्हा फडक्यात बांधलेला होता. तिच्या गावातून आणखीही दोघं-तिघं गेली होती, त्यांचंही तेच झालं. तिने त्यातून सरळ अर्थ काढला. नागपूरला पोरं मरतात.

तिचं निरीक्षण खरं होतं, हीच अडचण होती. तिच्या गावची पोरं नागपूरला जाऊन मरत होती, कारण ती मरायला टेकल्यावर नागपूरला जात होती. आणि मरायला टेकल्यावरच जात होती, कारण नागपूरला पोरं मरतात असं गावाला माहीत होतं. या चक्रात कुठून शिरावं ते मला सुचेना. इंग्रजी शिक्षण अशा वेळी कामाला येत नाही. मी तिच्या धंद्यातलाच दाखला दिला. म्हटलं, गिरजाबाई, मे महिन्यात मासळी सकाळी बाजारात नेली तर विकते. दुपारपर्यंत घरी ठेवून मग नेली तर नासलेली निघते. मग ती काय बाजारानं नासवली?

तिने माझ्याकडे असं पाहिलं की बाकावरून उठावंसं वाटलं. "माझ्या नातीले मासोळी म्हणता?" ती म्हणाली. आणि त्यानंतर बराच वेळ, आमच्या शिक्षणाचा, आमच्या काट्याचा, आमच्या डॉक्टरच्या मिशीचा तिने जो उद्धार केला, तो मी इथे देत नाही. तुमच्या आईला गाळायला फार लागेल.

पण आवाज बाजारातला होता. शेजारच्या खोलीत मंगला होती. ती भिंत धरत धरत दारात आली. तोपर्यंत मी तिला फारसं बोलताना ऐकलं नव्हतं. तिने फक्त आईकडे पाहिलं.

"माय, तू पाणी टाकलं?"

गिरजाबाईने पुन्हा पदराने मान पुसली.

"मले सांगाचं तं होतं," मंगला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "गाडी बोलवा, बाई. अबी श्वास घेऊन राह्यली न ते? अबीच बोलवा."

ती आत गेली आणि गाठोडं बांधायला लागली. मासळीचा दाखला तिला पटला होता की नाही कोण जाणे. बहुतेक ऐकलाही नसेल.

मी सबनीस डॉक्टरांना सांगितलं. ते खुर्चीवर बसले, मग उठले, आधी सलाइनचा वेग अगदी कमी केला, ते इंजेक्शन बंद करून दुसरं लिहिलं, आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला. सगळं झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, त्या आजींना समज द्यायला हवी ना?" मी म्हटलं, द्यायलाच हवी. त्यांनी पाणी फडक्यात घातलं, आपण बाळात घातलं. आणि नागपूरचं नाव त्यांच्यासमोर मोठ्याने कोणी घेतलं तेही बघावं लागेल. समज वाटायला बसलो तर गाडी निघून जाईल. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी राउंडमध्ये हळू बोलायला सुरुवात केली. मोठ्या शहरातून आलेल्या माणसाने एवढं शिकणं म्हणजे कमी नाही.

गाडी आली. मुलीला उबदार ठेवण्यासाठी गुंडाळलं, ऑक्सिजन लावला, आमची दुसरी नर्स सोबत बसली. मी गेले नाही. अशा आठवणींत लिहिणारी बाई नेहमी गाडीत बसते, पण माझ्या वॉर्डात आणखी बाळं होती आणि त्यांच्या लंगोट्या तोलायच्या होत्या. मंगलाला आत चढवलं. गिरजाबाई बाहेर उभी राहिली, आणि दार लागता लागता आत शिरली. कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणाली, "तिथी कोणाले समजते हिची बोली." मुलगी चार दिवसांची होती, तिची बोली अजून कोणालाच समजत नव्हती.

जाताना तिने माझा मोबाइल नंबर मात्र घेतला. माझ्यावरचा राग आणि माझा नंबर ही दोन्ही तिने सोबत नेली.

दोन दिवस फोन आला नाही. मी वॉर्डात नवीन नियम केला. लंगोटी ओली निघाली म्हणून शाबासकी द्यायची नाही, कोरडी निघाली म्हणून तोंड वाकडं करायचं नाही. घरच्या बाईला आधीच सांगायचं की कोरडी लंगोटीही आम्हाला हवी असते, तीच जास्त हवी असते. माणसाला बातमीची शिक्षा झाली की तो बातमी बदलतो, हे मला नर्सिंगच्या कोणत्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

मग पहिला फोन आला. गिरजाबाई सरळ भांडणाच्या सुरात होती. नागपूरच्या डॉक्टरांनी पोरीच्या पोटात बारीक नळी घालून पाणी सोडायला आणि काढायला सुरुवात केली होती. मूत्रपिंडं काम करत नसतील तर पोटाच्या आतल्या पातळ पडद्याची चाळणी करून रक्तातला कचरा धुऊन काढता येतो, ही ती रीत. मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे बाई, आमी फडक्यात पाणी टाकलं तं चोर, अन् हे पोटात टाकून राह्यले तं इलाज."

पण त्या सुरात काहीतरी वेगळंही होतं. तिने विचारलं, असं धुऊन किती दिवस चालते. मी म्हटलं, कधी मूत्रपिंडं परत जागी होतात, कधी होत नाहीत. लवकर गेलेल्यांची पुष्कळदा होतात. झाली तरी पुढे वर्षानुवर्षं अशा पोरीचा रक्तदाब आणि लघवी तपासत राहावं लागेल, ती मोठी झाली, शाळेत गेली, धडधाकट दिसली तरी. "ते पाहू मंग," ती म्हणाली, "आधी मोठी तं होऊ द्या." आणि फोन ठेवला.

त्यानंतर रोज फोन यायचा. मी विचारायचे, पोरीने लघवी केली का, आणि रोज तेच उत्तर. नाई. मंगला फोनवर कधी आली नाही. गिरजाबाईच सांगायची, मंगला दूध काढून देते आणि काचेबाहेर उभी राहते, जेवत नाही, आईशीही बोलत नाही. हे शेवटचं ती वाक्याच्या मध्येच टाकून पुढे निघायची. एकदा म्हणाली, या दवाखान्यात पोरीले घालाले कागदाची लंगोटी हाये, वरून कोरडीच दिसते, काई समजत नाई बाई. मी म्हटलं, ती पाणी आत शोषते, तीही तोलतात. "तोलतात," ती म्हणाली. तिला जरा धीर आला असावा.

मग एका दुपारी मी जेवून ताट उचलत होते आणि फोन वाजला. पलीकडे दवाखान्याचा गलबला, आणि त्यात गिरजाबाई चक्क हळू आवाजात बोलत होती. आधी मला वाटलं, झालं.

"बाई, पोरगी मुतली."

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "किती?"

"इथली सिस्टर म्हणे, चमचा-दोन चमचे. दोनदा झाली." मागे कोणीतरी रडत होतं, बाई होती, मंगला असावी, पण ते रडणं वाईट बातमीचं नव्हतं. मग गिरजाबाईने आवाज आणखी खाली आणला, जसं बाजारात गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन विचारतात तसा.

"बाई, एवढं पुरते का? कमी पडत असन तं सांगा."

मी म्हटलं, पुरतं. आज एवढं पुष्कळ आहे, उद्या वाढेल.



"बरं," ती म्हणाली. "या खेपेस मी हात नाई लावला."